चौकटीतला कोरा कागद

१

हॅलमसाहेबांच्या बंगल्यातल्या चित्रातून दोन माणसं उडून गेली, ही बातमी पोलादपूरहून महाडला पोचायला दुपार झाली, आणि बाजारपेठ ओलांडेपर्यंत तिच्यात बरीच भर पडली. कुणी म्हणालं, काच फोडून गेली. कुणी म्हणालं, छे, काच जशीच्या तशी, नुसता कागद कोरा. एका म्हाताऱ्याने तर सकाळी सावित्री नदीवरून दोन थोराड पक्षी जाताना पाहिलेही होते. त्याला कोणी खोटं ठरवलं नाही, कारण खरं मानण्यात जास्त मजा होती.

ठमाबाईच्या कानावर ही बातमी सगळ्यात शेवटी आली. सन एकोणीसशे तेहतीसचा मार्गशीर्ष चालू होता आणि ती अंगणात लोखंडी कढईत हिरड्याचा काढा ढवळत होती. महाडात शाई करणारं हे एकच घर उरलं होतं. हिरडा उकळायचा, त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालायचा, बाभळीचा डिंक विरघळवायचा, आणि शाई जमली की नाही ते जिभेच्या शेंड्यावर थेंब ठेवून ठरवायचं, असं तिला बापाने शिकवलेलं. साठी आली तरी कचेरी, शाळा, मदरसा, पेठेतली दुकानं, सगळीकडे ती स्वतः बाटली घेऊन जाई आणि येताना गावभरच्या गोष्टी घेऊन येई. विलायती शाईच्या पुड्यांवर तिचा भारी राग. "ती शाई नाय, रंगीत पानी हाय," ती म्हणे. "चार पावसाळ्यांत उडून जाते."

"मावशी, कढई उतरव," दारातून आवाज आला. पेठेत तसबिरींना चौकटी करणारा जुल्फिकार धापा टाकत उभा होता. "पोलादपूरला चल."

"का रे मेल्या, कोन गेलं?"

"गेलं कोन नाय. येसाजीमामांना फौजदारानं धरलाय. चित्र चोरलं म्हनून."

ठमाबाईच्या हातातला पळा कढईतच राहिला. येसाजी तिचा पाठचा भाऊ, बावीस वर्षांपासून हॅलमसाहेबांच्या बंगल्याचा चौकीदार.

"येसू? आनि चोरी?" ती म्हणाली. "अरे, दर मार्गशीर्षात बंगल्याच्या झाडाची लिंबं लोनच्याला पाठवायचा, यंदा तीही पाठवायला विसरला. त्याला चोरी सुचल तरी कशी?"

"सुचो न सुचो. शनिवारी साहेबाचा पुतन्या मुंबईहून चित्र न्यायला येतोय. तोवर नाय सापडलं तर मामांना अलिबागच्या कोर्टात धाडनार. त्या चित्राची चौकट मी केली, म्हनून मलापन बोलावलंय." जुल्फिकारने घाम पुसला. "आज गुरुवार हाय, मावशी."

"आनि येसू काय म्हनतो?"

"तेच तर. एकच वाक्य बोलतो, दुसरं नाय. फौजदारानं दरडावलं, समजावलं, तरी तेच." जुल्फिकारने आवाज खाली आणला. "म्हनतो, चित्र कुठं गेलंच नाय."

२

घाट सुरू होतो तिथे, पोलादपूरच्या वरच्या अंगाला हॅलमसाहेबांचा बंगला होता. साहेब रस्त्याचे इंजिनेर. बारा वर्षांमागे घाटाच्या एका वळणाची मोजणी चालू असताना येसाजीचा एकुलता एक मुलगा चांगू मोजणीची साखळी घेऊन कड्याच्या काठावर गेला आणि दरीत पडून मेला. वीस वर्षांचा पोरगा. त्यानंतर साहेबांनी नोकरी सोडली, पण पोलादपूर सोडलं नाही. बंगल्यातच बसून चित्रं काढत राहिले आणि यंदा गणपतीत तिथेच वारले. दरसाल ठमाबाई त्यांना शाई पोचवायची, पण ओट्यापर्यंतच. आतल्या खोलीतलं ते मोठं चित्र तिने कधी पाहिलं नव्हतं.

आज पहिल्यांदा ती त्या खोलीत शिरली, तीही वहाणा काढून. सांगितलं कोणी नव्हतं, पण ओट्यावर जमलेल्या पंचवीस-तीस माणसांनी काढल्या होत्या. एरवी बैलांवर ओरडणारी ही माणसं इथे कुजबुजत होती.

भिंतीवर सागवानी चौकट, दोन हात रुंद. काच स्वच्छ. काचेमागे सायीच्या रंगाचा जाड कागद, आणि त्यावर काही म्हणजे काहीच नाही. ठमाबाई जवळ सरकली. आयुष्यभर तिने कोऱ्या कागदावर शाई उमटताना पाहिली होती, शाई कागद सोडून गेलेली पाहिली नव्हती.

"भुताटकी नाही, ठमाबाई," गुप्ते फौजदार म्हणाले. किडकिडीत, भला माणूस, पण हातातलं काम लवकर संपावं अशी ओढ असलेला. "खोलीला दार एक, खिडकीला गज, किल्ली तुमच्या भावाच्या कमरेला. साहेब वारल्यावर कचेरीने सामानाची यादी केली तेव्हा चित्र जागेवर होतं. परवा पुतण्याची तार आली म्हणून आज सकाळी खोली उघडली, तर हे. खरं चित्र काढून घेतलं आणि कोरा कागद आत सरकवला. सरळ गोष्ट आहे."

"मग येसाजीमामा पळाले का नाय?" जुल्फिकारने विचारलं.

"ते तूच सांग. चौकट उघडून परत बंद करणं चौकीदाराचं काम नव्हे. ते चौकटवाल्याचं काम."

जुल्फिकारचा चेहरा पडला. मग त्याने चौकट उतरवली, उलटी केली आणि मागच्या चिकटवलेल्या कागदावर नाक टेकेल इतका वाकला. सरळ झाला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसला.

"रावसाहेब, माझ्या खळीत मोरचूद असतो, झुरळांनी खाऊ नये म्हनून. कडा निळ्या दिसतात. पेठेतली कुठलीबी तसबीर उलटी करून बघा. ही खळ पांढरी हाय. नुसत्या भाताची."

"म्हणजे चौकट कोणीतरी उघडली होती."

"उघडली. पन मी नाय."

फौजदारांनी मान डोलवली. जुल्फिकारला हायसं वाटलं, ठमाबाईलाही वाटलं, पण ते क्षणभरच टिकलं.

"भाताची खळ," फौजदार सावकाश म्हणाले. "आणि या बंगल्यात साहेब गेल्यापासून चूल एकाचीच पेटते."

३

पोंक्षे मास्तरांवर ठमाबाईचा संशय होता, आणि तो खरा निघावा अशी तिची मनापासून इच्छा होती. मास्तर तरुण, चार वर्षांपूर्वी पोलादपूरच्या शाळेत आलेले. दर रविवारी येसाजीला गोड बोलून ते त्या चित्रासमोर बसत आणि त्याची नक्कल करत. चित्र शाळेला मिळावं म्हणून त्यांनी कचेरीत अर्जही दिला होता आणि तो नामंजूर झाला होता.

शाईची बाटली पुढे करत ती त्यांच्या खोलीत शिरली. "मास्तर, त्या कागदावर होतं तरी काय? मी म्हातारी, बघितलंच नाय."

मास्तरांनी बाटली घेतली आणि ती ठेवायचीच विसरले.

"काय सांगू, ठमाबाई! मी मुंबईत मोठमोठी चित्रं पाहिली आहेत, पण याच्यासमोर पहिल्या दिवशी अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. ग्रीक लोकांच्या पुराणातली गोष्ट आहे. डेडालस नावाचा मोठा कारागीर. राजाने त्याला आणि त्याच्या मुलाला बेटावर कोंडून ठेवलं. चहूकडे समुद्र. तेव्हा त्याने पक्ष्यांची पिसं गोळा केली, मेणाने जोडली, दोघांसाठी पंख केले. मुलाला बजावलं, फार वर जाऊ नकोस, उन्हाने मेण वितळेल. पण पोरगाच तो. इकारस त्याचं नाव. उडण्याच्या आनंदात वर वर गेला."

"आमच्या जटायूचा भाऊ, संपाती. त्याचेबी पंख असेच जळले," ठमाबाई म्हणाली. "मग?"

"मग समुद्रात पडला. सगळे चित्रकार त्याला पडताना काढतात. हॅलमसाहेबांनी नाही काढला!" मास्तर उठून उभे राहिले. "त्यांच्या चित्रात तो अजून वरच आहे. हसतोय. पंखातून एकच पीस सुटलंय आणि ते अजून त्याला कळलेलं नाही. बाप मात्र वळून बघतोय, त्याला कळलंय. बस्स, एवढंच. निव्वळ शाईच्या रेघा, पण खाली समुद्र इतका दूर की बघणारा आपसूक मागे सरावा."

ठमाबाईने मास्तरांच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. आपण केलेल्या काळ्या पाण्यातून कुणी असलं काही उभं केलं असेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"शाई कुठली होती ती?"

"ते नाही माहीत. पण एक नवल होतं. ती फिकी होत नव्हती. चार वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत जास्त काळी झाली."

काजळाची शाई आहे तशी राहते, विलायती विटत जाते, आणि हिरड्याची दरसाल गडद होते. म्हणजे ती ठमाबाईचीच शाई होती. तिने ते मनात ठेवलं आणि घाव घातला. "चित्र गेलं ते बरंच झालं, नाय मास्तर?"

मास्तर गोरेमोरे झाले. "खोटं कशाला बोलू? विलायतेत जाऊन कुणाच्या तरी जिन्यात टांगलं जाण्यापेक्षा… पण मी घेतलं नाही. फौजदारांनी माझी खोली उलथीपालथी केली. ही पाहा माझी नक्कल, कोळशाची, तीही अर्धीच." त्यांनी गुंडाळी उघडून दाखवली. चेहऱ्यांच्या जागा रिकाम्याच होत्या. "चेहरे मला जमलेच नाहीत. बसा ना, उन्हातून आलात. सरबत द्यायचं तर घरात लिंबू नाही. एरवी येसाजी बंगल्याच्या झाडाची आणून द्यायचा, पण यंदा त्या झाडावर औषधालासुद्धा लिंबू उरलेलं नाही."

ठमाबाई उंबऱ्यापर्यंत पोचली होती, ती तिथेच थबकली.

४

"काच काढा," तिने फौजदारांना सांगितलं.

"कशाला?"

"कागद बघायचाय. चाळीस वर्षं कागदाला शाई विकत्ये मी, रावसाहेब. तुम्ही चोर बघा, मी कागद बघत्ये."

जुल्फिकारने खिळे उपटले आणि कागद मेजावर उजेडात ठेवला. ठमाबाई वाकली. कागद सपाट नव्हता. त्याला बारीक लाटा आल्या होत्या, भिजून वाळलेल्या कागदाला येतात तशा. "सर्दाळला असेल," फौजदार म्हणाले. काचेच्या आत, मार्गशीर्षात, कसा सर्दाळणार? तिला ते पटलं नाही.

मग तिने डोळे मिटले आणि बोटांची टोकं कागदावर टेकवली. हळूहळू सरकवली. आणि बोटं अडखळली. कागद कोरा नव्हता! बोटांखाली बारीक चरे लागत होते. पोलादी टाकाने दाबून ओढलेल्या रेघेचा चर शाई गेली तरी जात नाही. इथे शेकडो चर होते, एकाला एक लागून, वळणावळणाचे, पिसांचे असावेत असे. मधे दोन ठिकाणी तर टाक इतका खोल गेला होता, की काढणाऱ्याने तिथे पुन्हा पुन्हा हात फिरवला असणार. मिटल्या डोळ्यांनी ती त्या समुद्रावरून, त्या पंखांवरून हात फिरवत होती, आणि तिला वाटलं की आपण देवळाच्या गाभाऱ्यात अंधारात मूर्ती चाचपत आहोत.

चित्र कोणी नेलंच नव्हतं. चित्र इथेच होतं. फक्त त्याचा काळेपणा काढून घेतलेला होता.

आता एकच राहिलं. तिने कागदाचा कोपरा उचलला आणि शाई पारखायच्या सवयीने जिभेच्या शेंड्याला लावला. आंबट.

लिंबू. हिरड्याच्या शाईला लिंबाचा बोळा लावला की रंग जातो, हे धोतरावर डाग पडलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण कागद न फाडता, रेघ न रेघ हलक्या हाताने टिपून, दोन हात रुंद चित्राचा रंग काढायचा, तर हात शाईच्या घरातलाच हवा. महाड-पोलादपुरात शाईच्या घरातली माणसं दोनच. एक ती स्वतः होती.

ठमाबाईला खाली बसावं लागलं.

"काय झालं? काही कळलं का?" फौजदारांनी विचारलं.

"काय नाय, रावसाहेब," ती म्हणाली. "ऊन लागलं."

५

चावडीत येसाजी भिंतीला टेकून बसला होता, हाताला दोरी. पन्नाशी उलटलेला, उंच, डाव्या भुवईतून गेलेला जुना वण. तो वण ठमाबाईनेच लहानपणी नारळाची करवंटी फेकून दिलेला.

पहाऱ्याचा शिपाई पाणी प्यायला गेला तेवढ्यात ती त्याच्याजवळ बसली.

"येसू, झाडाची लिंबं कुठं गेली?"

येसाजीने मान खाली घातली. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. लहानपणी पावसाळ्यात बाहेर जाता येत नसे तेव्हा ही दोघं भावंडं हाच खेळ खेळत. पाटीएवढ्या कागदावर नावं लिहायची, लिंबाने पुसायची, आणि मग हिरड्याचं पाणी फिरवून परत बोलवायची. बाप हसून म्हणायचा, लिंबानं रंग जातो रे, लोखंड जात नाय. आई मात्र लिंबं नासली म्हणून दोघांना बदडायची.

"तू खोटं बोलला नायस," ती म्हणाली. "चित्र कुठं गेलं नाय. पन असं का केलंस?"

"मला वाटलं, पुतन्या येईल, कोरा कागद बघल, म्हनल काकाची शाई उडाली. विलायती शाई उडते, तूच नाय का सांगत? कोरा कागद कोन नेतो, आक्का? टाकून गेला असता. मग मी घरी आनून हिरडा लावला असता."

"अरे येड्या!" तिला रडावं की हसावं कळेना. "शाईवाल्याच्या घरात जन्मलास म्हनून तुला तसं वाटलं. कोरा कागद बघून दुनियेला शाई आठवत नाय, चोर आठवतो. चल, मी फौजदाराला सांगत्ये. चित्र परत आनू, तू सुटशील."

"नाय!" येसाजीने दोरीसकट हात तिच्या हातावर ठेवला. "आक्का, तुझ्या पाया पडतो. मी तुरुंगात जाईन. वर्ष, दोन वर्षं, जाईन. तो कागद तू फौजदाराकडून मागून घे आनि जपून ठेव. आत्ता चित्र परत आनलंस तर समुद्रापार नेतील."

"एका चित्रापायी तुरुंगात जाशील? काय हाय रे त्यात?"

येसाजीने तोंड फिरवलं. शिपाई परत आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तोंड उघडलंस, तर मी तुझा भाऊ नाय."

६

शुक्रवार सगळा ठमाबाईने स्वतःशी भांडण्यात घालवला. शनिवारी सकाळी भांडण मिटलं होतं. तुरुंगात बसून खूश असलेल्या भावापेक्षा बाहेर बसून रागावलेला भाऊ तिला हवा होता.

धाकटे हॅलमसाहेब मोटारीने आले. पंचविशीचा तांबूस केसांचा पोरगा, आतून लोकर लावलेली लांबट पेटी बरोबर घेऊन. कोरा कागद बघून तो गोंधळून उभाच राहिला. पोंक्षे मास्तर दुभाष्या म्हणून शेजारी होते. शिपायाने येसाजीला आणलं. ओट्यावर सगळं पोलादपूर लोटलं होतं.

"अलिबागला धाडायच्या आधी मला अर्धा तास द्या," ठमाबाई म्हणाली, आणि तिने टोपलीतून तीन वस्तू काढल्या: चुन्याची निवळी, हिरड्याचा काढा आणि खारीच्या केसांची कुंचली.

येसाजी "आक्का!" म्हणून ओरडला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"रावसाहेब, तुम्ही म्हनालात की चित्र गेलं आनि कोरा कागद आला. कागद तोच हाय. बोट फिरवा, टाकाचे चर लागतील. पोंक्षे मास्तर म्हनाले, चित्र दरसाल काळं होत होतं, म्हनजे शाई माझी, हिरड्याची. कागदाला लाटा हायत, म्हनजे तो भिजलाय. चव आंबट हाय, म्हनजे लिंबानं भिजलाय. झाड बोडकं हाय, ते सगळ्यांनी बघितलंय. चौकट भाताच्या खळीनं चिकटवलीय, म्हनजे ती इथंच, या घरात उघडली. येसूनं उघडली. पन चोरलं काय? चित्र खोलीतनं बाहेर गेलंच नाय. त्यानं फक्त ते झोपवलं."

"आणि हे खरं कशावरून?" फौजदारांनी विचारलं.

"आता उठवून दाखवत्ये."

तिने आधी निवळीचा हात फिरवला, आंबटपणा मारायला. मग बोटांनी चाचपून सर्वांत खोल चर शोधले, मधल्या त्या दोन जागा, आणि कुंचली काढ्यात बुडवून तिथे टेकवली.

काहीच झालं नाही. कुणीतरी खोकलं. मग कागदाच्या आतून, खूप खालून वर येत असावी तशी, एक करडी रेघ उमटली. ती काळी होत गेली. ती भुवई होती. तिच्याशेजारी डोळा उघडला. ओट्यावरच्या बायकांनी हात जोडले. ठमाबाईने मनगट दुसऱ्या हाताने धरलं. नाक आलं, गालाचं हाड आलं, आणि भुवईतून आडवा गेलेला एक वण आला.

ठमाबाईने वर पाहिलं. समोर दोरी बांधलेला येसाजी उभा होता. तिने खाली पाहिलं. खालीही येसाजीच होता. दाढी आणि पंख उमटायच्या आधीचा, उघडा, वळून बघणारा.

आता दुसरा चेहरा कोणाचा असणार ते तिला कळलं, आणि कुंचली पुढे जाईना. तरी तिने ती नेली. आधी कपाळावर आलेले केस उमटले. मग हसणारं तोंड, आणि त्यात पुढचा एक दात जरासा तुटलेला. शेताच्या बांधावरून पडून तो तुटला होता तेव्हा ठमाबाईनेच त्याच्या तोंडात हळद दाबली होती.

"चांगू," ती म्हणाली.

"सायबानंच त्याला त्या दिवशी कड्याच्या काठाला धाडला होता," येसाजी बोलू लागला. बारा वर्षं बंद असलेलं तोंड उघडावं तसा बोलत होता. "ते सायबाच्या मनातनं गेलंच नाय. चांगूचा फोटू कुठं नाय, एकबी नाय. सायेब चेहरा काढायचा, फाडायचा. मी सांगायचो, नाक असं नाय, हनुवटी अशी नाय. चार वर्षं. मग एक दिवस बरोबर आला. सायेब म्हनाला, येसाजी, या चित्रात मी त्याला पडू देनार नाय. मी रोज सकाळी काच पुसायचो, बघायचो, अजून वरच हाय." तो थांबला. "हे कोनी समुद्रापार नेलं असतं तर मी सकाळी उठून काय करायचं होतं?"

मास्तर हे इंग्रजीत सांगत होते, मधेच त्यांनी चित्राकडे नुसतं बोट केलं. धाकट्या साहेबाला बाकीचं बहुतेक न सांगताच कळलं. फौजदारांची पेन्सिल केव्हाच थांबली होती.

ठमाबाईने कुंचली उचलून धरली. आपण काय करून बसलो हे आता तिला दिसत होतं. भाऊ सुटला होता, पण त्याच्या सुटकेसाठी तिने त्याचं पोर परक्याच्या पेटीत घालायला उठवलं होतं. ती मास्तरांकडे वळली.

"साहेबाला विचारा. आत्ता हे दोघं पोलादपूरचे बापलेक हायत. पंख आले की हे तुमच्या पुरानातले होतील, चित्र तुमचं होईल. पंख आनू का नको?"

पुतण्याने बराच वेळ कागदाकडे पाहिलं. मग तो हळू काही बोलला.

"साहेब म्हणतात, आणू नका," मास्तर म्हणाले. "काकांचं चित्र पंखांचं होतं. ते नाहीसं झालं असं मी लिहून देतो. हा कागद या माणसाला द्या."

ओट्यावर सुस्कारा उठला. ठमाबाईने डोळे टिपले आणि कुंचली खाली ठेवायला गेली.

"नको," येसाजी म्हणाला. "पंख आन, आक्का."

"अरे, मग नेतील ना!"

"नेऊ देत. पंखांबिगर तो वर कसा ऱ्हाईल गो?"

ठमाबाईने कुंचली पुन्हा बुडवली. पंख पिसापिसाने आले. चांगूच्या खांद्यातून फुटले, पसरले, कागदाच्या कडेपर्यंत गेले. चित्रातल्या येसाजीला दाढी आली, त्याचेही पंख आले, आणि सगळ्यांत शेवटी, खूप खाली, समुद्र आला. दारातली माणसं एक पाऊल मागे सरली. दोघं बापलेक त्या खोलीत, सर्वांच्या डोक्यावर, हवेत होते.

धाकट्या साहेबाने टोपी काढली होती, ती कधी काढली हे त्यालाही ठाऊक नसावं. तो मास्तरांशी थोडंच बोलला. मास्तरांनी ते मराठीत सांगितलं.

"साहेब म्हणतात, माझी पेटी मोकळीच परत न्यायची आहे."

फौजदारांनी शिपायाला न सांगता स्वतःच्या हाताने दोरी सोडली. येसाजी मेजापाशी आला. त्याने हात पुढे केला, मुलाच्या गालापाशी नेला.

"वाळू दे आधी," ठमाबाई म्हणाली. "मग लाव हात."